जावकराव राज्यावर बसतात

लेकीचा रविवारचा फोन किती वेळ चालतो हे जावकरावांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं, तर तो दोन मिनिटं दहा सेकंद भरला. त्यातले दहा सेकंद "ऐकू येतंय का" यात गेले होते. उरलेल्या दोन मिनिटांत "जेवलीस का", "हो", "ऑफिस कसं आहे", "ठीक", "थंडी आहे का", "आहे थोडी", "बरं, ठेवतो" एवढा मजकूर बसायचा, आणि गेली तीन वर्षं त्यात कानामात्रेचाही फरक पडला नव्हता. आता पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं जावक टेबलावर बसून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्रमांक टाकलेल्या माणसाला ठरावीक मजकुराचं वावडं असायचं कारण नाही. जावकराव हे नावही त्या टेबलानंच दिलेलं. ते इतकं चिकटलं, की बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे जावकराव" म्हणायची.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. एका रविवारी फोन ठेवता ठेवता लेक म्हणाली, की आता ती खेळायला बसणार. ती आणि चार मित्रमैत्रिणी मिळून दर रविवारी कॉम्प्युटरवर राज्यं चालवतात, जो तो आपापल्या घरून, आणि त्यात चार तास कसे जातात कळत नाही. फोन ठेवून जावकराव तसेच बसून राहिले. खेळाला चार तास आणि बापाला दोन मिनिटं. राग आला असता तर बरं झालं असतं, राग काढायला घरात बायको होती. पण त्यांना हेवा वाटला, आणि स्वतःच्या पोरीच्या खेळाचा हेवा वाटला म्हणून लाजही वाटली. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी जाहीर केलं, "मी तो खेळ शिकणार. आणि रविवारी तिच्याबरोबर बसणार."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "टीव्हीचा आवाज कमी करायला तुम्ही मला स्वयंपाकघरातून बोलावता."

जावकरावांनी हा शेरा नुसता वाचून दाखल केला. मात्र एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की ठरवली, की शिकून तयार झाल्याशिवाय लेकीला चकार शब्द सांगायचा नाही. नापास झालो तर ते घरातल्या घरात राहावं. मग प्रश्न असा आला, की लेक खेळते तो खेळ कुठला? नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई होती. केसांच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचून ती दिवसभर लोकांची यंत्रं उघडत बसायची. जावकरावांनी तिला सांगितलं, की ज्यात देश चालवायचा असतो तो खेळ हवा. बाईंनी मान वर न करता विचारलं, की कुठल्या जातीचा? एकात घराणं सांभाळायचं असतं, लग्नं, वारस, भाऊबंदकी. दुसऱ्यात जहाजं आणि व्यापार. तिसऱ्यात कारखाने, आणि कामगार कधी चिडतात ते बघायचं. चौथ्यात रणगाडे. पाचव्यात आख्खी आकाशगंगा, आणि परग्रहावरच्या लोकांशी तह. जावकराव काउंटरला टेकून ऐकत राहिले. राज्य करायचे इतके प्रकार असतात आणि आपल्या खात्याला एकही जमला नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं.

ही बातमी इमारतीत फुटायला एक जिना पुरला. वरच्या मजल्यावर मेजर राहायचे. त्यांची सगळी नोकरी सैन्याच्या ब्लँकेटच्या गोदामात गेली होती, पण युद्धाचा विषय निघाला की ते हटकून उभे राहायचे. त्यांचं मत रणगाड्यांना. बाकीचं सगळं बायकी आहे, असं ते जावकरावांच्या बायकोसमोर म्हणाले आणि त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. इमारतीचे सेक्रेटरी कारखान्यांच्या बाजूनं होते, कारण त्यांना कामगार चिडतात हा भाग ओळखीचा वाटला. बायकोचं म्हणणं, की घराणं तर मुळीच नको. एका मुलीसाठी स्थळ बघताना तुम्ही पत्रिका जुळवायच्या सोडून बायोडेटावर जावक क्रमांक टाकून ठेवलात, तिथे सगळ्या राजघराण्याची लग्नं कुठून जुळवणार?

शेवटी पुढच्या रविवारी जावकरावांनी ताकाला जाऊन भांडं लपवण्याची पराकाष्ठा केली. थंडीची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या त्या खेळात लग्नं असतात का गं?"

"असतात. बाबा, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम असल्याचं सांगून त्यांनी रणगाड्यांची चौकशी केली. रणगाडे नव्हते. परग्रहावरचे लोकही नव्हते. भाऊबंदकी मात्र होती, आणि तिच्याबद्दल बोलताना लेक चक्क हसली. एका चुलत भावानं तिला विष घालायचा घाट घातला होता म्हणे, आणि तो तिनं हाणून पाडला होता. फोन ठेवल्यावर जावकरावांनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती. त्यांनी तो आकडा कॅलेंडरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवला.

घराण्याचा खेळ ठरला. पण घरातला कॉम्प्युटर निवृत्तिवेतनाचा दाखला भरण्यापलीकडे कुठल्याच महत्त्वाकांक्षेचा नव्हता. नाक्यावरच्या बाईंनी त्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, की हा अजून चालतो का? मग त्यात नवीन काहीबाही बसवलं, एक मोठा पंखाही बसवला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंख्याचा असा घरघराट झाला की खालून सेक्रेटरी वर आले. त्यांच्या मते या यंत्रामुळे लिफ्ट दमानं चालायला लागली होती. तेव्हा यंत्र चालवण्याच्या परवानगीसाठी कमिटीकडे रीतसर अर्ज हवा. अर्ज म्हटल्यावर जावकरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी विषय, संदर्भ आणि तीन सहपत्रांसह अर्ज लिहिला. सेक्रेटरींना त्याला उत्तर लिहिता येईना, म्हणून तेही जावकरावांनीच लिहून दिलं. त्यात स्वतःला दोन अटी घातल्या आणि एक सौम्य ताकीदही दिली. सेक्रेटरींनी सही केली आणि लिफ्टचा विषय पुन्हा काढला नाही.

यानंतरचा अडथळा मात्र जावकरावांच्या वर्मी लागला. खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर खातं उघडायचं होतं. जन्मवर्ष निवडताना यादी खाली सरकवून सरकवून बोट दुखायला लागलं, आणि आपण किती खोल गाडलेलो आहोत हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यापुढे यंत्रानं विचारलं, की तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चित्रं होती, त्यातली सिग्नलची निवडायची. आता सिग्नलचा खांब हा सिग्नलमध्ये धरायचा की नाही? याचा खुलासा कुठेच नव्हता. त्यांनी खांब धरला, यंत्रानं नाकारलं. खांब सोडला, तरी नाकारलं. तिसऱ्यांदा त्यांनी अर्धवट दिसणाऱ्या दिव्याचा साकल्यानं विचार केला, तेवढ्यात मुदत संपली. शेवटी बायकोनं ओले हात पदराला पुसले, चार ठिकाणी टकटक केलं आणि यंत्रानं तिला बिनशर्त माणूस म्हणून मान्य केलं.

पण खेळ उघडला आणि सगळे अपमान धुऊन निघाले.

आधी नुसता नकाशा दिसला. डोंगर, नद्या, समुद्र, आणि त्यावर रंगीत तुकडे. माउसचं चाक फिरवलं तसा नकाशा जवळ आला आणि एकेका तुकड्यात किल्ले, गावं, शेतं दिसायला लागली. एका गावावर टिचकी मारली तर त्याचा मालक समोर आला. मालकावर टिचकी मारली तर त्याची बायको, भाऊ, शत्रू, कर्तबगारी, दुखणी. एका कोपऱ्यातल्या यःकश्चित जहागीरदाराला संधिवात होता, तो भित्रा पण न्यायी होता, आणि त्याच्या पणजीचं तिच्या दिराशी पटत नव्हतं. ज्याच्याकडे उभ्या जन्मात कुणी ढुंकून पाहिलं नसतं, त्याचीही सगळी नोंद होती. अशी हजारो माणसं. जावकरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चौतीस वर्षांत खात्याला एका शहरातले नळ मोजता आले नव्हते. इथे कुणीतरी बसून आख्ख्या जगाचं दप्तर लावून ठेवलं होतं, आणि एकाही पानाला वाळवी नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला बोलावून संधिवातवाल्याची पणजी दाखवली. ती म्हणाली, दिराचंच चुकलं असणार.

मग त्यांनी स्वतःसाठी एक मध्यम राज्य निवडलं. राजा पस्तिशीचा, दणकट, अविवाहित. पडद्याच्या कडेला सूचनांचे लखोटे लटकत होते. जावकरावांनी नवी वही काढली, रकाने आखले आणि कामाला लागले. प्रत्येक सूचना वाचायची, क्रमांक टाकायचा, मथितार्थ लिहायचा, योग्य त्या मंत्र्याकडे सोपवायची. सकाळी नऊ ते एक आणि दोन ते पाच. शेजारची राज्यं, त्यांचे राजे, राजांची मुलं, मुलांचे हेवेदावे, सगळं वहीत चढत गेलं. बारा दिवसांत वहीची साठ पानं भरली आणि राज्यात तंटा नाही, बंड नाही, दुष्काळ नाही. आपला कारभार इतका चोख आहे, हे पाहून जावकराव मनातून सुखावले होते.

मेजर रोज संध्याकाळी खुर्चीमागे उभे राहून उंटावरून शेळ्या हाकायचे. युद्ध कधी, एवढंच त्यांना विचारायचं असे. तेराव्या दिवशी ते म्हणाले, "अहो, वर तारीख आहे ती पहिल्या दिवसापासून हललेली नाही."

जावकरावांनी शांतपणे सांगितलं, की सगळे कागद निकाली निघाल्याशिवाय दिवस पुढे जात नसावा, आणि ही पद्धत फार चांगली आहे. मेजरांना ते पटलंही. त्या दोघांपैकी कुणालाही खेळ थांबवलेल्या स्थितीतच उघडतो आणि काळ आपणच सुरू करायचा असतो, हे ठाऊक नव्हतं.

काळ सुरू केला तो बायकोनं. सकाळी की-बोर्डावरची धूळ पुसताना तिच्या फडक्याखाली ती लांबोडकी पट्टी दाबली गेली, आणि वेगाचं बटणही. जावकराव आंघोळीहून आले तोवर राज्यात अकरा वर्षं उलटली होती. लखोटे कोसळत होते. राजा सेहेचाळीस वर्षांचा, अजून अविवाहित, सावत्र भाऊ बंडात, मंत्री तुरुंगात, आणि तो कुणी टाकला याची नोंद वहीत नव्हती. जावकराव ओल्या अंगानं खुर्चीत बसले आणि दिसेल त्या लखोट्यावर होकार देत सुटले. पाच मिनिटांत राजाचं लग्न एकसष्ट वर्षांच्या विधवेशी झालं. पूर्व सीमेवर तीनशे माणसांनिशी युद्ध पुकारलं गेलं. ते कशासाठी, हे राजालाही माहीत नव्हतं. आणि सगळ्यांच्या शेवटी काळी चौकट आली. राजा गेला होता.

जावकराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "महाराज गेले," ते म्हणाले.

बायकोनं गॅस बारीक केला. त्यांचा चेहरा पाहून तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं आणि म्हणाली, "जेवून घ्या आधी."

जेवून आल्यावर त्यांना आणखी एक नवल कळलं. राजा मेला म्हणून खेळ संपत नाही. आता त्याच्या वारसाच्या अंगात शिरून तोच पसारा पुढे रेटायचा असतो, आधीच्याची कर्जं, आधीच्याची भांडणं, सगळं डोक्यावर घेऊन. मेल्यावरसुद्धा टेबल सुटत नाही. ज्या कुणी हा खेळ बनवला, तो नक्की सरकारी नोकरीत राहून आला असणार, अशी त्यांची खात्री पटली.

पुढचे तीन महिने जावकरावांनी नऊ राज्यं बुडवली. मेजरांच्या सल्ल्यानं दोन, स्वतःच्या हुशारीनं सात. एकदा विजय हाताशी आला असताना त्यांनी चुकून स्वतःच्या मावशीला अटक केली आणि सगळे सरदार फिरले. प्रत्येक वेळी ते म्हणायचे की आता बस्स, आणि प्रत्येक वेळी सकाळी नऊला वही घेऊन बसायचे. दहावं राज्य टिकलं. फार वाढलं नाही, पण सत्तर वर्षं टिकलं. जावकराव दोन दिवस घरात हलक्या पावलांनी वावरले.

मग रविवारी, थंडीच्या चौकशीच्या जागी, त्यांनी ते सांगितलं. आवाज कोरडा ठेवायचा त्यांनी पुष्कळ सराव केला होता. मी तुझा खेळ शिकलो, एक राज्य सत्तर वर्षं चालवलं, तुम्हाला अडचण नसेल तर येईन म्हणतो.

मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच?" आणि जरा थांबून, "माझे मित्र दुष्ट आहेत हां. कुणी दयामाया दाखवणार नाही."

दयामायेची अपेक्षा नसल्याचं जावकरावांनी कळवलं.

दुपारी दोनला ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. बायकोनं शर्टाची कॉलर सरळ करून दिली. कानाला लावून ऐकायचं-बोलायचं यंत्र नाक्यावरच्या बाईंनी स्वतः येऊन बसवून दिलं होतं. लेकीनं त्यांना आपल्या साम्राज्याच्या दक्षिणेला एक डोंगराळ जहागीर दिली. बाकीच्या चौघांनी नमस्कार काका म्हटलं आणि खेळ सुरू झाला.

आणि जावकरावांनी तोंडात बोट घातलं. ही त्यांची मुलगी? लहानपणी पाहुणे आले की दाराआड उभी राहणारी, फोनवर "ठीक" पलीकडे न जाणारी? ती बोलत होती आणि चार दांडगे राजे गपगार होत होते. एकाला तिनं तह करायला लावला, दुसऱ्याच्या पोराशी आपल्या भाचीचं लग्न लावून त्याचं बंदर पदरात पाडलं, तिसऱ्याला नुसतं "बघ बाबा, तुझी मर्जी" म्हणाली तर त्यानं सीमेवरची फौज मागे घेतली. एकीनं मध्येच जावकरावांना विचारलं, की काका, ही घरी पण अशीच आहे का? जावकरावांना खरं उत्तर ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, हो, पहिल्यापासून. उरात अभिमान मावेना, आणि आपल्याला हे इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं म्हणून वाईटही वाटत होतं.

तासाभरात त्या थोर सम्राज्ञीला दक्षिणेकडचा घाटरस्ता हवा झाला. घाट बापाच्या जहागिरीत होता. तिनं आधी "सॉरी हां बाबा" म्हटलं आणि मग आठ हजारांची फौज घातली. जावकरावांनी पाचशे माणसं गोळा करेपर्यंत किल्ला पडला होता. कुठे चुकलं ते बघायला त्यांनी वही उघडली, पण आता त्याचा उपयोग नव्हता. जहागीर गेली की माणूस खेळातून बाद. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चार तासांतला एकच मिळाला होता, पण दोन मिनिटांपेक्षा तो किती तरी मोठा होता, आणि पोरीच्या डोक्यावर बसून राहणं बरं दिसलं नसतं.

"बरं," ते म्हणाले, "ठेवतो."

"कुठे चाललात?" लेक म्हणाली. "बसा की. मी माझा पडदा तुम्हाला दाखवते. मला पुतण्याचं लग्न जमवायचंय, आणि या चारशे जणांत कोण कोणाचं कोण लागतं माझ्या काही लक्षात राहत नाही."

जावकरावांच्या राहत होतं. साठ पानं उगाच भरली नव्हती. त्यांनी तिला एक पोरगी सुचवली, जिचा बाप भित्रा पण न्यायी होता आणि ज्याच्यामागे उत्तरेचे तीन किल्ले आपसूक येणार होते. लेक मनापासून हसली. तिनं बाकीच्यांना आपलं बोलणं ऐकू जाणार नाही असं केलं, खलबत चालू आहे म्हणून सांगितलं, आणि मग दोघं बापलेक स्थळं बघत बसली. हा बरा आहे पण दारुडा. ही हुशार आहे पण तिची आई बघ. मधे मधे नुसती शांतता असे आणि फौजा नकाशावरून मुंग्यांसारख्या सरकत असत. कुणाला काही बोलायची घाई नव्हती. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. साडेचार वाजून गेले.

एका फौजेला नदी ओलांडायला सांगता सांगता, त्याच आवाजात, लेक म्हणाली, "बाबा, माझी नोकरी गेली."

जावकरावांनी कानावरचं यंत्र दाबून धरलं.

"अडीच महिने झाले. दर रविवारी तुम्ही विचारता ऑफिस कसं आहे, आणि मी ठीक म्हणते. सांगायचं होतं. कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

अडीच महिने म्हणजे दहा रविवार. दहाही वेळा त्यांनी थंडी आहे का विचारलं होतं. समोर नकाशावर उत्तरेकडून लाल निशाणं सरकायला लागली होती, एका राजानं डाव साधला होता. दुसरं काही सुचेना म्हणून ते म्हणाले, "उत्तरेकडून फौज येतेय गं."

"येऊ दे, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

जावकराव खुर्चीतून अर्धवट उठले. "रड," ते म्हणाले. "घाई नाही. मी इथेच आहे." मग त्यांनी एका हातानं यंत्र कानाशी तसंच धरून ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"अगं ए, खुर्ची घेऊन इकडे ये. पोरगी बोलतेय."

बायको खुर्ची ओढत आली. तिनं नवऱ्याच्या कानाजवळ कान आणला आणि दोघं एकाच यंत्राला डोकं लावून ऐकत बसली. पलीकडे लेक बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. पडद्यावर लाल निशाणं राजधानीपर्यंत आली, किल्ल्यावर चढली. बाकीचे राजे आश्चर्यानं विचारत राहिले की आज हिला झालंय काय. घड्याळात सात वाजून गेले तेव्हा साम्राज्य पुरतं बुडालं होतं, आणि जावकराव लेकीला विचारत होते, मग पुढे काय झालं?